वस्तीत पाणी कुठून येतं, किती येतं आणि काय करायचं: शहरी पूरधोक्याचा अभ्यास पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

शहरात पाणी भरलं की दुसऱ्या दिवशी प्रत्येकाकडे कारण तयार असतं. कुणी म्हणतं गटार साफ नव्हतं, कुणी म्हणतं रस्ता उंच केला, कुणी म्हणतं पाऊसच फार झाला. तिन्ही खरं असू शकतं. पण कुठल्या कारणाचा वाटा किती, हे मोजल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही.

हे मोजायचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं तेव्हा मी सरळ संगणकासमोर बसले. उपग्रहावरून मिळणारी जमिनीच्या उंचीची माहिती उतरवली, दोन आठवडे खपून रंगीत नकाशा केला आणि तो घेऊन वस्तीत गेले. ज्या गल्लीत दरवेळी गुडघाभर पाणी साचतं, ती माझ्या नकाशावर कोरडी होती. तिथल्या एका आजींनी नकाशा बघितला, काही न बोलता मला घरात नेलं आणि भिंतीवरची तपकिरी रेघ दाखवली. तेव्हापासून मी क्रम बदलला: आधी पायी फिरायचं, मग टेपने मोजायचं, मग कागदावर हिशेब, आणि सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

रहिवाशांचा गट, शाळा किंवा दवाखान्याची इमारत सांभाळणारी माणसं आणि या विषयात नवे असलेले अभियंते, या तिघांना तो उपयोगी पडेल. भिंत बांधणं, मोरी (रस्त्याखालून पाणी नेणारी बांधीव वाट) रुंद करणं अशी कामं मात्र जाणकार अभियंत्याकडून तपासून घ्यावीच लागतात. तुमचा अभ्यास नीट असेल तर त्या अभियंत्याचे निम्मे कष्ट वाचतात.

सुरुवातीला काय गोळा करायचं

कागदपत्रं:
- वस्तीचा मोठ्या प्रमाणातला नकाशा, शक्यतो १:१००० किंवा १:२०००
- पर्जन्यजलवाहिन्या आणि मैलावाहिन्यांचे नकाशे. दोन्ही वेगळे असतात, दोन्ही मागा.
- मॅनहोलच्या झाकणाच्या आणि तळाच्या पातळ्या
- जवळच्या पर्जन्यमापकाची नोंद, तासाची किंवा त्याहून बारीक
- नदी किंवा खाडी जवळ असेल तर पाणीपातळीची नोंद आणि भरतीचं वेळापत्रक
- वरच्या अंगाला धरण असेल तर विसर्गाचे नियम
- जुने फोटो आणि व्हिडिओ, तारीख-वेळेसह

साधनं:
- ३० मीटरची टेप, मोजपट्टी, खडू
- गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी, किंवा मिळाली तर सर्वेक्षणाची लेव्हल
- फोन, वही आणि घोट्याच्या वर येणारे बूट

यातलं सगळं मिळणार नाही. वाहिन्यांचे नकाशे तर बहुतेकदा जुने असतात आणि प्रत्यक्षात पाइप भलतीकडेच निघतो. म्हणून जे मिळेल त्यावर मिळाल्याची तारीख लिहा आणि कामाला लागा.

## १. पाणी कोणत्या वाटेने येतं ते आधी ठरवा

शहरात पाणी भरण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे. नदी किंवा नाला काठ ओलांडून येतो. नदी दूर असतानाही पाऊस वाहिन्यांना झेपला नाही म्हणून रस्त्यावर पाणी तुंबतं. समुद्राची भरती नाल्याचं तोंड अडवते. खाली भरलेली वाहिनी उलटी वाहून संडासातून आणि न्हाणीघराच्या जाळीतून घरात येते. कधी भूजल वर येऊन तळघराच्या फरशीतून पाझरतं.

फुगवट्याकडे खास लक्ष द्या. नाल्याचं तोंड जिथे नदीत किंवा समुद्रात उघडतं, तिथली पातळी नाल्याहून वर गेली की नाल्यातलं पाणी पुढे सरकत नाही आणि मागे फुगत जातं. अशा वेळी नाला कितीही साफ असला तरी पाणी भरतं. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत अतिवृष्टी आणि भरती एकत्र आल्या, तेव्हा समुद्रात उघडणाऱ्या नाल्यांचं हेच झालं.

ओळखायची सोपी खूण पाण्याच्या वागण्यात असते. पावसाबरोबर चढलं आणि थांबल्यावर तास-दोन तासांत ओसरलं तर ते बहुधा वाहिन्यांच्या अपुऱ्या क्षमतेचं पाणी. पाऊस थांबल्यावरही चढत राहिलं तर वरच्या भागातला लोंढा किंवा नदीचा फुगवटा. ऊन पडलं असताना चढलं तर भरती किंवा धरणाचा विसर्ग बघा. आणि रस्ता कोरडा असताना घरात पाणी असेल तर उलट्या वाहिनीवर संशय घ्या.

## २. पायी फिरा आणि खुणा मोजा

या टप्प्याला दोन-तीन दिवस मोकळ्या मनाने द्या. पुढच्या सगळ्या आकड्यांची परीक्षा इथल्या मोजमापांवर होणार आहे.

भिंतीवरची गाळाची रेघ, लाकडी दाराचा फुगलेला भाग, कुंपणाच्या जाळीत अडकलेला कचरा, मीटरपेटीतला गंज: प्रत्येक खुणेची जमिनीपासूनची उंची मोजा, टेप दिसेल असा फोटो काढा आणि नकाशावर क्रमांक टाका. ओलीची रेघ आणि पाण्याची रेघ यांत गफलत होते. ओल भिंतीतून वर चढते आणि तिची कड अस्पष्ट, वेडीवाकडी असते. साचलेल्या पाण्याची रेघ सपाट असते आणि शेजारच्या घरातही त्याच पातळीला सापडते. मनात शंका असेल तर नळीची पातळी लावून दोन घरांतल्या रेघा जुळतात का ते पाहा.

लोकांशी बोलताना प्रश्न कसा विचारता यावर उत्तर ठरतं. "तुमच्याकडे पाणी भरतं का?" असं विचारलं तर घरमालक बरेचदा नाही म्हणतो, कारण घराची किंमत पडेल ही भीती असते. भाडेकरू मात्र मोकळेपणाने सांगतो. त्या प्रश्नाऐवजी विचारा: "किती पायऱ्या बुडाल्या होत्या? पाणी कुठल्या बाजूने आलं? दिवे गेले ते पाणी यायच्या आधी की नंतर? ओसरायला किती वेळ लागला?" अशी उत्तरं पडताळता येतात. सफाई कामगार, रात्रपाळीचे पहारेकरी आणि कोपऱ्यावरचे दुकानदार यांच्याशी अवश्य बोला. नाल्यावरची कुठली जाळी पहिल्यांदा तुंबते हे त्यांना तोंडपाठ असतं आणि कुठल्याही नकाशात ते सापडत नाही.

फिरताना नाल्याच्या प्रत्येक मोरीपाशी थांबा. मोरीची रुंदी आणि उंची, तळाचा गाळ आणि आतून आडव्या गेलेल्या जलवाहिन्या किंवा केबल लिहून घ्या. मी पाहिलेल्या एका मोरीतून तीन वेगवेगळ्या सेवांचे पाइप आडवे गेले होते. त्यांच्यामागे अडकलेल्या फांद्यांनी निम्मी मोरी बंद होती आणि वरून, रस्त्यावरून, काहीच दिसत नव्हतं.

इशारा: नाल्यात किंवा मॅनहोलमध्ये उतरू नका. आत विषारी वायू असतो आणि तो वासावरून कळेलच असं नाही. बाहेरून काठीने मोजा.

## ३. पाणलोट आखा आणि पातळ्या जुळवा

तुमच्या गल्लीत साचणारं पाणी फक्त तुमच्या गल्लीवर पडलेलं नसतं. ते ज्या क्षेत्रावरून वाहत येतं ते तुमचं पाणलोट क्षेत्र. शहरात त्याची सीमा नैसर्गिक उतारावर ठरत नाही. रस्त्याचा उंचवटा, लोहमार्गाचा भराव, लांब कुंपणभिंत आणि जमिनीखालची वाहिनी पाण्याला वळवतात. पाऊस चालू असताना छत्री घेऊन फिरणं आणि रस्त्यावर पाणी कुठल्या बाजूला धावतं ते बाणांनी नकाशावर मांडणं, याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

उंचीची मोफत माहिती उपलब्ध आहे. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून ११ दिवस केलेल्या रडार मोजणीतून एसआरटीएम नावाची जगभराची उंचीची माहिती तयार झाली, तिच्यात साधारण ३० मीटरच्या प्रत्येक चौकोनाला एक उंची असते. युरोपच्या कोपर्निकस उपग्रह कार्यक्रमाची नवी माहिती तिच्याहून चांगली आहे. पण दोन्ही रडारच्या आहेत आणि दाट वस्तीत रडारला जमिनीऐवजी छपरं आणि झाडांचे शेंडे दिसतात. चूक काही मीटरची असू शकते आणि तुम्ही शोधत असता गुडघाभर पाणी. माझी ती गल्ली कोरडी दिसली ती यामुळेच, बाजूच्या इमारतींच्या उंचीने तिला नकाशावर उचललं होतं. विमानातून लेसरने केलेली लायडार मोजणी मिळाली तर ती घ्या. तिची चूक साधारण १०-१५ सेंटिमीटरच्या घरात असते. नाहीच मिळाली तर मोक्याच्या ३०-४० जागांच्या पातळ्या स्वतः घ्या.

इथे नवख्यांना तीन सापळे हमखास लागतात.

पहिला सापळा पातळीच्या मूळ बिंदूचा. मी एकदा रस्त्याच्या पातळ्या एका कार्यालयाकडून आणि वाहिन्यांच्या दुसऱ्याकडून घेतल्या. एकाच्या पातळ्या समुद्रसपाटीपासूनच्या होत्या, दुसऱ्याच्या जवळच्या एका इमारतीच्या पायरीला १०० मीटर धरून काढलेल्या. मी दोन्ही एकत्र केल्या आणि महिनाभराचं काम पुन्हा करावं लागलं. उपग्रह यंत्रावरची उंची तर वेगळ्याच कल्पित पृष्ठभागापासून मोजलेली असते आणि समुद्रसपाटीच्या उंचीशी तिचा फरक कित्येक मीटरचा असू शकतो. म्हणून प्रत्येक पातळीशेजारी ती कशापासून मोजली हे लिहा आणि दोन्ही याद्यांत असलेल्या एका तरी ठिकाणी प्रत्यक्ष मोजून खात्री करा.

दुसरा सापळा खड्डे बुजवण्याचा. पाणलोट आखणारी बहुतेक सॉफ्टवेअर साधनं उंचीच्या माहितीतले सखल खड्डे आधी भरून टाकतात, म्हणजे पाणी सलग वाहतं. डोंगराळ भागात ते ठीक आहे. शहरात तुम्हाला तेच खड्डे हवे असतात, कारण पाणी तिथे साचतं. भरलेल्या पृष्ठभागातून मूळ पृष्ठभाग वजा करा. जी खोली उरेल तो तुमच्या सखल जागांचा पहिला नकाशा.

तिसरा सापळा मोऱ्यांचा. उंचीच्या माहितीत रस्त्याचा भराव भिंतीसारखा दिसतो आणि त्याखालची मोरी दिसत नाही. जिथे मोरी आहे तिथे त्या माहितीतला भराव आपण स्वतः कापून द्यावा लागतो.

## ४. किती पावसाची तयारी करायची ते ठरवा

दिवसभराचा पाऊस हा आकडा शहरासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. १२० मिलिमीटर २४ तासांत सारखा पडला तर तासाला ५ मिलिमीटर होतो आणि साधं गटारही तो पेलतं. त्यातले ६० मिलिमीटर एकाच तासात पडले तर तीच वस्ती बुडते. पाणलोटाच्या सगळ्यात दूरच्या टोकाचं पाणी तुमच्यापर्यंत यायला जितका वेळ लागतो, तितक्या कालावधीच्या पावसाची तीव्रता घ्या. लहान शहरी पाणलोटात हा वेळ १० ते ३० मिनिटांचाही असतो. हवामान विभाग किंवा पालिका यांच्याकडे तीव्रता, कालावधी आणि वारंवारता यांचे आलेख असतात, ते मागा.

"१०० वर्षांचा पूर" हे शब्द फसवे आहेत. त्याचा अर्थ कुठल्याही एका वर्षात तो येण्याची शक्यता १ टक्का आहे एवढाच. ३० वर्षं एका घरात राहणाऱ्याला तो एकदा तरी बघायला लागण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एक. २५ वर्षांच्या पुरासाठी हीच शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. गेल्या वर्षी आला म्हणून यंदा येणार नाही असंही नाही. लोकांना समजावताना मी "१०० वर्षं" म्हणायचं सोडलं आहे. "तुमचं घर असेपर्यंत चारात एक" म्हटलं की माणसं पुढे सरकून ऐकतात.

एकाच पर्जन्यमापकावर विसंबू नका. २६ जुलै २००५ च्या त्याच २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंदले गेले आणि कुलाब्याला ७३. जुन्या आलेखांवर थोडी वाढही धरा. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं आणि थोडक्या वेळात कोसळणाऱ्या सरींमध्ये ते उतरतं.

## ५. येणारं पाणी आणि जाणारं पाणी यांचा हिशेब मांडा

हा हिशेब कागदावर होतो, आणि सॉफ्टवेअर उघडण्याआधी तो व्हायलाच हवा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, एवढं लक्षात ठेवा.

येणारा प्रवाह काढायची पद्धत दीडशेहून अधिक वर्षं जुनी आहे. आयर्लंडच्या मुलव्हानी यांनी १८५१ मध्ये तिचा पाया घातला. पावसाची तीव्रता (मिलिमीटर प्रतितास), क्षेत्र (हेक्टर) आणि वाहून जाणारा हिस्सा यांचा गुणाकार करा आणि ३६० ने भागा. उत्तर घनमीटर प्रतिसेकंदात येतं.

समजा पाणलोट १० हेक्टर आहे, पाऊस तासाला ६० मिलिमीटर आणि जवळपास सगळं काँक्रीट व डांबर असल्याने वाहून जाणारा हिस्सा ०.९ आहे. तर ०.९ × ६० × १० ÷ ३६० = १.५ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १५०० लिटर. तीच जमीन मोकळी आणि झाडोऱ्याची असती, हिस्सा ०.३ असता, तर ५०० लिटर आले असते. बांधकामाने पाणी तिप्पट झालं. ही पद्धत लहान क्षेत्रासाठीच, साधारण ८० हेक्टरपर्यंत वापरा.

आता जाणारं पाणी. वाहिनीची क्षमता तिचा आकार, उतार आणि आतला खडबडीतपणा यांवर ठरते. त्यासाठी मॅनिंग यांचं सूत्र वापरतात आणि त्याचे तयार गणक इंटरनेटवर मिळतात. ९० सेंटिमीटर व्यासाची काँक्रीटची वाहिनी, ५०० मीटरला १ मीटर उतार, आत काही गाळ नाही: ती सेकंदाला सुमारे ०.८१ घनमीटर नेते. आपल्याकडे येतंय १.५. उरलेले ०.६९ घनमीटर दर सेकंदाला रस्त्यावर राहतात. अर्धा तास असं चाललं तर सुमारे १२४० घनमीटर पाणी साचतं आणि अर्ध्या हेक्टरच्या सखल भागात पसरलं की २५ सेंटिमीटर खोली होते. हा २५ चा आकडा भिंतीवरच्या रेघेशी ताडून बघा. रेघ ३० ची असेल तर हिशेब बराच जवळ आला. रेघ ८० ची असेल तर काहीतरी सुटलंय: फुगवटा, तुंबलेली मोरी, किंवा शेजारच्या पाणलोटातून येणारं पाणी.

याच वाहिनीच्या तळाशी व्यासाच्या चौथ्या हिश्शाइतका गाळ बसला तर क्षमता चौथ्या हिश्शाहून थोडी जास्तच घटते. उलट व्यास ९० वरून १२० सेंटिमीटर केला तर क्षमता ०.८१ वरून १.७४ होते, म्हणजे दुपटीहून जास्त. तेवढ्यावरून लगेच मोठ्या पाइपची मागणी करू नका. मोठ्या पाइपातून वेगाने गेलेलं पाणी खाली कुणाच्या दारात थांबतं ते आधी बघा. वरच्या वस्तीची मोरी रुंद केली आणि खालची वस्ती बुडाली, असं झालेलं मी पाहिलं आहे. ती माणसंही आपलीच आहेत.

## ६. सॉफ्टवेअर, गरज असेल तरच

वाहिन्यांच्या जाळ्यासाठी एसडब्ल्यूएमएम, नाला आणि पसरणाऱ्या पाण्यासाठी हेक-रास, नकाशांसाठी क्यूजीआयएस. तिन्ही मोफत आहेत. पाणलोट लहान आणि वाहिनी एकच असेल तर पाचव्या टप्प्याचा हिशेब पुरतो. वाहिन्या एकमेकींना मिळत असतील, भरतीचा परिणाम असेल किंवा पाणी रस्त्यांवरून वाट बदलत असेल तर सॉफ्टवेअर हवं.

दुसऱ्या टप्प्यात मोजलेल्या निम्म्या खुणांशी सॉफ्टवेअरचे आकडे जुळवा आणि उरलेल्या निम्म्या खुणा परीक्षेसाठी बाजूला ठेवा. सगळ्या खुणा जुळवण्यात खर्च केल्या तर नकाशा बरोबर आहे की नाही हे तपासायला काही उरत नाही. चित्र जितकं सुबक, तितका लोकांचा विश्वास बसतो. म्हणून नकाशावर चुकीची मर्यादा ठळक लिहा.

## ७. पाण्याच्या खोलीपुढे जाऊन धोका मोजा

रिकाम्या मैदानात मीटरभर पाणी साचलं तर नुकसान नाही. तेच पाणी तळघरात झोपलेल्या माणसाच्या जिवावर बेततं. म्हणून तीन गोष्टी एकत्र बघायच्या: पाणी किती आणि किती वेगाने, त्याच्या वाटेत कोण आणि काय, आणि त्यांना ते किती झेपतं.

पाण्यासाठी ऑस्ट्रेलियातली विभागणी वापरायला सोपी आहे. खोली (मीटर) आणि वेग (मीटर प्रतिसेकंद) यांचा गुणाकार ०.३ पर्यंत आणि खोली ३० सेंटिमीटरपर्यंत असेल तर साधारण सुरक्षित. गुणाकार ०.६ पर्यंत आणि खोली ५० सेंटिमीटरपर्यंत गेली की लहान गाड्यांना धोका. गुणाकार तोच पण खोली १.२ मीटरपर्यंत असेल तर कोणत्याही गाडीला, मुलांना आणि वृद्धांना धोका. त्यापुढे सगळ्यांनाच. उतारावरच्या गल्लीत पाणी पोटरीपर्यंतच असतं, पण वेगामुळे माणूस पडतो, हे या गुणाकारातून दिसतं.

यादी करताना जमिनीखालच्या जागा सगळ्यात वर लिहा: तळघरातली घरं, वाहनतळ, भुयारी मार्ग, उद्वाहनाचे (लिफ्टचे) खड्डे. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये आयडा वादळाच्या पावसात तळघरांतल्या घरांत ११ जण दगावले. त्याच वर्षी २० जुलैला चीनमधल्या झेंगझोऊत एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी भुयारी रेल्वेत शिरून १४ प्रवाशांचा मृत्यू झाला. तळघरात पाणी जिन्यावरून उतरतं, बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही, आणि हे सगळं काही मिनिटांत होतं.

त्यानंतर विजेच्या पेट्या, पाण्याच्या पंपांच्या खोल्या, दवाखाने, ऑक्सिजनवर असलेली माणसं, अंथरुणाला खिळलेले वृद्ध, एकटी राहणारी माणसं. ही यादी नावानिशी असते, म्हणून ती दोन-तीन विश्वासू माणसांकडेच ठेवा, भिंतीवर लावू नका.

नुकसानीचा अंदाज घेताना वारंवारता विसरू नका. दोन वर्षांतून एकदा होणारं १ इतकं नुकसान दरवर्षीच्या सरासरीत ०.५ धरतं. १०० वर्षांतून एकदा होणारं २० इतकं नुकसान ०.२ धरतं. छोट्या, नेहमीच्या पाण्याने माणसं जास्त गरीब होतात आणि त्याची बातमीही होत नाही. पैशाच्या हिशेबासाठी हे ठीक. जीव जाणार असेल तिथे हा हिशेब लावू नका, तो धोका कितीही क्वचित असला तरी यादीत पहिला.

## ८. उपाय कोणत्या क्रमाने करायचे

माझा क्रम असा आहे.

सगळ्यात आधी फुकटात किंवा थोडक्यात होणारं: जाळ्या, मोऱ्या आणि वाहिन्यांतला गाळ. काढलेला गाळ त्याच दिवशी उचलला जातो का ते बघा, काठावर ठेवलेला पहिल्या सरीत परत आत जातो.

मग जीव वाचवणारं. विजेची मुख्य पेटी नोंदवलेल्या सर्वोच्च रेघेच्या वर न्या. तळघरात राहणं बंद करता येत नसेल तर आतून उघडणारी दुसरी वाट हवीच. संडासाच्या वाहिनीवर उलटं पाणी अडवणारी झडप बसवा आणि ती वर्षातून दोनदा उघडून साफ करा. अडकलेली झडप असून नसल्यासारखी.

मग पाणी अडवून ठेवणं. आपल्या उदाहरणातले १२४० घनमीटर तासभर कुठे थांबवता आले तर रस्ता कोरडा राहतो. रॉटरडॅममध्ये २०१३ साली बेंथेमप्लेन नावाचा चौक असा बांधला की एरवी तिथे मुलं खेळतात आणि पावसात तो सुमारे १७०० घनमीटर पाणी धरतो. शाळेचं मैदान थोडं खोलगट करूनही हे साधतं. मात्र पाणी सावकाश निघून जायची वाट आणि मुलांना बाहेर ठेवायची सोय दोन्ही लागतात. पाणी झिरपवणाऱ्या बागा आणि सच्छिद्र फरश्या नेहमीच्या सरींना उपयोगी आहेत. मुसळधार पावसात माती आधीच भिजलेली असते, तेव्हा त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

त्यानंतर उरलेल्या पाण्याला जायला ठरवून वाट द्या. २ जुलै २०११ च्या ढगफुटीसारख्या पावसानंतर कोपनहेगनने २०१२ मध्ये योजना केली. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसातही रस्त्यावर १० सेंटिमीटरहून जास्त पाणी नको, हे तिचं उद्दिष्ट आहे आणि जादा पाण्यासाठी काही रस्ते आणि उद्यानं मुद्दाम राखली आहेत. पाइपाच्या क्षमतेपलीकडचं पाणी येणारच हे धरून चालल्यामुळे ही योजना मला पटते.

मोठे पाइप आणि पंप शेवटी. पंपाबद्दल दोन प्रश्न विचारा: वीज गेली तर काय, आणि पाणी टाकणार कुठे?

भिंतींबाबत मोठी चूक होते. मीटरभर पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे ५०० किलोचा रेटा देतं. साध्या विटांच्या भिंतीने साधारण ६० सेंटिमीटरपर्यंतच पाणी अडवावं. त्याहून जास्त आलं तर आत येऊ द्यावं, नाहीतर भिंतच कोसळते. कुंपणभिंतीने बाहेरचं पाणी अडलं तरी आत पडलेला पाऊस आतच कोंडतो, म्हणून तळाशी बाहेर उघडणारी झडप ठेवा.

## ९. इशारा आणि कामांची वाटणी

वरच्या अंगाच्या पुलाच्या खांबावर तीन पट्टे रंगवा. पाणी कुठल्या पट्ट्याला लागल्यावर तुमच्याकडे किती मिनिटांनी भरतं, हे दोन-तीन पावसांत नोंदून ठरवा. तेवढाच वेळ तुमच्या हातात असतो.

"सतर्क राहा" या संदेशाने कुणी हलत नाही. संदेशात कृती लिहा: "पिवळा पट्टा. गाड्या तळघरातून काढा." "लाल पट्टा. मुख्य वीज बंद, तळमजल्यावरचे सगळे पहिल्या मजल्यावर." प्रत्येक कामापुढे एकाचं नाव आणि तो नसेल तर दुसऱ्याचं. वर्षातून एकदा, पावसाच्या हंगामाआधी, रात्री सराव करा. दिवसा सगळं सोपं वाटतं.

हे सगळ्यांना सांगा:
- वीज पाणी यायच्या आधीच बंद करायची. पाण्यात उभं राहून पेटीला हात लावायचा नाही.
- पाणी उतरावं म्हणून मॅनहोलचं झाकण कधीही उघडायचं नाही. गढूळ पाण्याखाली ते भोक दिसत नाही आणि त्यात माणसं ओढली गेली आहेत.
- तळघरातली गाडी आणायला खाली उतरायचं नाही.
- पुराच्या पाण्यातून चालावं लागलं तर जखमा झाका आणि नंतर स्वच्छ धुवा. पुढच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचं सांगा, अशा पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार लवकर ओळखला तर बरा होतो.

## १०. पाणी ओसरल्यावर २४ तासांत

हा टप्पा बहुतेक जण विसरतात, कारण तेव्हा सगळे दमलेले असतात. साफसफाई सुरू झाली की खुणा पुसल्या जातात. म्हणून दोघांना घरच्या कामातून मोकळं ठेवा. त्यांनी खडूने प्रत्येक भिंतीवर पाण्याची पातळी आणि तारीख मांडायची, टेपसह फोटो काढायचे, कुठल्या मोरीत काय अडकलं ते लिहायचं आणि पर्जन्यमापकाची तासवार नोंद त्याच आठवड्यात मागवून वहीत चिकटवायची. मग पाचव्या टप्प्याचा हिशेब नव्या आकड्यांनी पुन्हा करा आणि जुन्या कागदाशेजारी ठेवा. रस्ता नव्याने उंच झाला, शेजारी इमारत उभी राहिली किंवा नाल्यावर स्लॅब पडला तर पाऊस येण्याची वाट न बघता दुसऱ्या टप्प्यापासून परत सुरुवात करा.